पदवीला जोडलेली भाषा

आमच्या शाळेत हिंदी शिकविणारे गुरुजी मुळात भूगोलाचे. त्यांच्या घराच्या दारावर एक लाकडी पाटी होती. नावाखाली ठसठशीत अक्षरांत ‘बी.ए., बी.एड.’ आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, ‘राष्ट्रभाषा पंडित’. ही शेवटची ओळ नंतर कधीतरी रंगवून घेतलेली आहे, हे रंगाच्या छटेवरून कोणाच्याही ध्यानात यावे. वर्गात गुरुजी हिंदीचा धडा मोठ्याने वाचीत, अर्थ मराठीत सांगत, आणि प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देत. पाच वर्षांत त्यांना आमच्याशी हिंदीत बोलताना ऐकल्याचे मला आठवत नाही. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, गुरुजी निवृत्त झाले, आणि एकदा भेटीत मी धीर करून हा विषय काढला. ते हसले. म्हणाले, “अरे, परीक्षा झाली तेव्हा प्रमाणपत्र आलं. हिंदी नंतर वीस वर्षांनी आली, प्रेमचंद वाचता वाचता. तोवर तुमच्यासारख्यांच्या किती तुकड्या निघून गेल्या होत्या!”

प्रस्तुत लेखाचा विषय दारावरची ती नंतर रंगविलेली ओळ हा आहे. अध्यापनाची पात्रता आधीच मिळविलेल्या शिक्षकाच्या पदरी आणखी एक भाषा घालायची, म्हणजे नेमके काय करायचे? आपल्याकडे गेल्या शतकभरात या प्रश्नाला दोन उत्तरे दिली गेली. एक परीक्षेचे, दुसरे सहवासाचे. पहिले स्वस्त होते, म्हणून सर्वत्र पसरले. दुसरे खरे होते, पण त्याची उपेक्षा झाली. आज महाराष्ट्रात मराठीच अनेक शाळांत ‘जोडायची भाषा’ झालेली असताना हा जुना हिशेब पुन्हा उघडून पाहणे अगत्याचे वाटते.

भाषा नसलेल्या पदव्यांचा काळ

प्रथम थोडे मागे जाऊ. भाषेचा अध्यापक म्हणजे त्या भाषेची पदवी घेतलेला माणूस, हे समीकरण फार जुने नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. परंतु १८६० च्या दशकात देशी भाषांना त्याच्या वरच्या परीक्षांमधून बाजूला सारण्यात आले, आणि त्या परत आणाव्यात म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत खटपट करावी लागली. या मधल्या काळात ज्यांनी शाळांतून मराठी शिकविली, त्यांच्यापैकी कोणाकडेही मराठीची पदवी असणे शक्यच नव्हते. त्यांची मराठी घरातून, पोथ्यांतून, कीर्तनांतून आलेली होती. पात्रता मात्र दुसऱ्याच कोणत्या तरी विषयाची होती.

संस्कृतच्या बाबतीत तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. ज्या संस्कृतमुळे पुढे त्यांचे नाव जगभर गेले, ती भाषा त्यांनी महाविद्यालयाच्या बाकावर बसून मिळविलेली नव्हती. पुण्यात जुन्या परंपरेच्या शास्त्र्यांजवळ बसून त्यांनी ती कमावली. हे शक्य झाले ते दक्षिणा फेलोशिपमुळे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमदानीत हळूहळू शिष्यवृत्त्यांकडे वळविली गेली होती, आणि त्या पैशातून तरुण पदवीधराला पोटाची चिंता न करता शिकण्याची सवड मिळे. पुढे भांडारकर रत्नागिरीच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, मग एल्फिन्स्टन आणि डेक्कन महाविद्यालयांत संस्कृतचे अध्यापक झाले. त्यांनी लिहिलेली ‘मार्गोपदेशिका’ आणि तिच्या पुढची ‘संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका’ ही पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. स्वतः इंग्रजीतून शिकलेल्या, प्रौढपणी संस्कृतकडे वळलेल्या माणसाने ती लिहिली असल्यामुळेच त्यांत नवख्याच्या अडचणी इतक्या नेमक्या टिपल्या गेल्या असाव्यात, असे मला वाटते.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. भाषा प्रौढ वयातही पात्रतेला जोडता येते. अगदी उत्तम जोडता येते. मात्र त्यासाठी शिकणाऱ्याला ती भाषा जगणाऱ्या माणसांचा सहवास लागतो, आणि त्या सहवासाचा वेळ कोणीतरी विकत घेऊन द्यावा लागतो. भांडारकरांना हा वेळ दक्षिणा फंडाने दिला. साध्या शाळामास्तराला तो कोणी द्यायचा?

प्रचार, परीक्षा आणि सनद

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो हिंदीच्या निमित्ताने. १९१८ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गांधीजींकडे होते. त्यानंतर मद्रासेत दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे काम उभे राहिले, आणि गांधीजींनी आपला मुलगा देवदास यालाच तेथे प्रचारक म्हणून धाडले. महाराष्ट्रात ही चळवळ १९३० नंतर मूळ धरू लागली. १९३६ च्या नागपूर संमेलनातून वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. १९३७ साली पुण्यात महाराष्ट्र हिंदी प्रचार समिती, १९३८ साली मुंबईत हिंदी विद्यापीठ. १९४५ मध्ये हिंदी की हिंदुस्थानी या वादात गांधीजी संमेलनातून बाहेर पडले, आणि पुण्याची समितीही वेगळी होऊन ‘महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा’ झाली. गो. प. नेने यांच्यासारखे कार्यकर्ते आणि दत्तो वामन पोतदारांसारखे इतिहाससंशोधक या कामात होते, यावरून त्या काळी त्याला किती प्रतिष्ठा होती याची कल्पना यावी.

या संस्थांनी परीक्षांच्या शिड्या उभ्या केल्या. वर्ध्याची ‘परिचय’, ‘कोविद’, ‘राष्ट्रभाषा रत्न’; पुण्याची ‘प्रबोध’, ‘प्रवीण’, ‘पंडित’. ज्या घरांत १९४० ते १९७० या काळात कोणी शिक्षक होते, त्या घरांत यांपैकी एखादे प्रमाणपत्र चौकटीत अडकविलेले सापडण्याचा संभव पुष्कळच. शाळा सुटल्यावर त्याच वर्गांत, कंदिलाच्या नाहीतर दिव्याच्या उजेडात, मोठी माणसे मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत आणि ‘का-के-की’ घोटीत. शिकविणारे प्रचारक बहुधा स्वतःही शिक्षकच असत, आणि त्या कामाचा मोबदला नाममात्र असे. या सगळ्याची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. एका देशाची भाषा आपण घडवीत आहोत ही भावना त्या बाकांवर होती, आणि तिच्याशिवाय हे वर्ग चाललेच नसते.

अडचण निर्माण झाली ती या परीक्षांचे काम बदलल्यामुळे. प्रचाराच्या परीक्षा मुळात नागरिकांसाठी होत्या. कोणालाही थोडीफार हिंदी यावी, एवढाच त्यांचा हेतू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलली गेली, हिंदी पाचवीपासून आली, आणि हजारो शाळांना एकदम हिंदीचे शिक्षक हवे झाले. ते आणायचे कोठून? हिंदीचे पदवीधर मूठभर होते. मग प्रचारपरीक्षांची प्रमाणपत्रे ही अध्यापनाची पात्रता म्हणून धरली जाऊ लागली. सरकारने त्यावर स्वतःची ‘हिंदी शिक्षक सनद’ ही परीक्षाही घेतली. तिच्यात कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन पायऱ्या होत्या. गणिताचा, भूगोलाचा, चित्रकलेचा, क्वचित कवायतीचा मास्तर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन परीक्षा देई आणि हिंदीचा शिक्षक होई. भाषा नागरिक म्हणून शिकणे आणि ती मुलांना शिकविण्याइतकी शिकणे, यांतील अंतर त्या एका कागदाने मिटविले. निदान तसे मानले गेले.

‘सनद’ हा शब्दही मोठा बोलका आहे. सनद म्हणजे सरकारने दिलेला अधिकारलेख. वतनाची सनद असे, इनामाची असे, आज वकिलीची असते. अधिकार देणे हे तिचे काम, ज्ञान देणे हे नव्हे. शिक्षकाच्या हाती अधिकार पडला. ज्ञानाची सोय त्याने स्वतःच्या पदरमोडीने आणि स्वतःच्या संध्याकाळी खर्चून करायची होती. आमच्या गुरुजींनी ती केली, पण वीस वर्षांनी.

जवळच्या भाषेची फसगत

कोणी म्हणेल, हिंदी आणि मराठी यांत असे अंतर ते किती? लिपी एक, निम्मा शब्दसंग्रह एक. नेमका हाच विचार त्या काळच्या धोरणामागे होता, आणि नेमका तोच विचार आज उलट्या दिशेने चाललेला आहे. म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

सामाईक शब्द हा पहिला चकवा. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ तिकडे सारे जग, इकडे चार भिंतींतला प्रपंच. ‘सही’ तिकडे बरोबर, इकडे स्वाक्षरी. ‘खाली’ तिकडे रिकामे, इकडे वर नसलेले. शब्द अनोळखी असला तर माणूस कोश उघडतो; ओळखीचा वाटला की पुढे जातो आणि फसतो.

लिंगव्यवस्था हा दुसरा. हिंदीला दोन लिंगे, मराठीला तीन. ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. ‘आवाज’ आणि ‘आत्मा’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. तिसरी गोष्ट ‘ने’ या प्रत्ययाची. मराठीत ‘त्याने पुस्तक वाचले’ म्हणतात, पण ‘मी पुस्तक वाचले’ यात ‘मी’ला काहीच लागत नाही, हिंदीत मात्र ‘मैंने’ म्हटल्यावाचून सुटका नाही. म्हणून मराठी माणूस बिनदिक्कत ‘मैं किताब पढ़ा’ म्हणतो आणि वर्गात तेच रुजते. उलट दिशेने येणाऱ्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद लवकर कळत नाही, कारण त्याच्याकडे दोहोंसाठी एकच ‘हम’ आहे. ‘आम्ही उद्या जाणार’ म्हटले की समोरचा वगळला गेला, ‘आपण उद्या जाणार’ म्हटले की तो सोबत आला. हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा चहाच्या टपरीवर लवकर उमजते. ‘चार’मधला च आणि ‘चांगला’मधला च हे लिपीला एकच; कानाला दोन. ‘ळ’चे दुखणे तर सर्वश्रुत आहे.

सारांश, जवळची भाषा शिकविणे लांबच्या भाषेपेक्षा सोपे असेलच असे नाही. लांबच्या भाषेत माणूस आपले अज्ञान जाणून असतो.

डेक्कन महाविद्यालयाच्या आवारातील दहा महिने

आता दुसरे उत्तर. त्याची पार्श्वभूमी त्रिभाषा सूत्राची आहे. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने १९५६ साली ते सुचविले, १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत त्याला सुटसुटीत रूप आले, आणि १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अहिंदी राज्यांनी मातृभाषा, हिंदी आणि इंग्रजी शिकवावी. हिंदी राज्यांनी हिंदी, इंग्रजी आणि एखादी आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडची, शिकवावी, असा हा सौदा होता. सौदा म्हणजे दोन्ही बाजूंनी देणे आलेच.

हे देणे फेडायला शिक्षक हवेत, हे सरकारला कळत होते. ते कोणत्या क्रमाने कळले हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी हैदराबादची केंद्रीय संस्था १९५८ साली निघाली. हिंदीच्या शिक्षकांसाठी मोटूरि सत्यनारायण यांच्या पुढाकाराने १९६० साली मंडळ स्थापन होऊन आग्र्याची केंद्रीय हिंदी संस्था उभी राहिली. अहिंदी प्रदेशांतील शिक्षकांसाठी तिने प्रवीण, पारंगत आणि निष्णात असे पूर्णवेळ अभ्यासक्रम आखले. आणि बाकीच्या सगळ्या भारतीय भाषांसाठी म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ साली निघाली. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग उरलेल्या. तारखांचा हा उतरता जिनाच आपल्या भाषाधोरणाचे खरे चित्र आहे.

म्हैसूरच्या संस्थेने देबी प्रसन्न पट्टनायक यांच्या नेतृत्वाखाली जे काम केले, त्याला मात्र तोड नाही. म्हैसूर, भुवनेश्वर, पुणे आणि पतियाळा येथे प्रादेशिक भाषा केंद्रे निघाली. पुण्याचे पश्चिम विभागीय केंद्र डेक्कन महाविद्यालयाच्या आवारात आले. तेथे मराठी, गुजराती आणि सिंधी शिकविल्या जाऊ लागल्या. शिकायला येणारा माणूस कोण? दुसऱ्या राज्यातील नोकरीत असलेला शाळाशिक्षक. ज्याच्या हाती अध्यापनाची पात्रता आधीच आहे, जो इतिहास वा विज्ञान वा हिंदी शिकवितो आहे, असा. त्याच्या राज्याने त्याला दहा महिन्यांसाठी मोकळे करायचे, नोकरी आणि पगार चालू ठेवायचा, त्याने जेथे ती भाषा बोलली जाते तेथे येऊन राहायचे, मुळाक्षरांपासून सुरुवात करून साहित्यापर्यंत पोचायचे, आणि परत जाऊन आपल्या शाळेत ती भाषा शिकवायची. भांडारकरांना दक्षिणा फंडाने जे दिले, तेच येथे साध्या शाळामास्तराला देण्याचा प्रयत्न होता.

पन्नाशीकडे झुकलेला एखादा शिक्षक डेक्कन महाविद्यालयाच्या दगडी इमारतीपासून बाजारापर्यंत चालत जातो, भाजीवालीला ‘कितीको दिया’ऐवजी ‘कसे दिले’ विचारतो, तिने हसून दुरुस्त केले की वहीत टिपून घेतो. या दृश्यात मला भाषाशिक्षणाचे सारे मर्म दिसते. त्याच्या वर्गावर परत गेल्यावर मुलांना ‘आपण’ आणि ‘आम्ही’ शिकविताना त्याला नियम आठवणार नाही, ती भाजीवाली आठवेल. संध्याकाळच्या वर्गात, परीक्षेच्या मार्गदर्शिकेतून, हे येणार नव्हते.

याच केंद्रांच्या कामामुळे आणखी एका उणिवेची जाणीव झाली. मराठी ही दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी, याचा विचारच आपण केलेला नव्हता. आपली व्याकरणे मराठी येत असलेल्यांसाठी, पाठ्यपुस्तके मराठी घरांतल्या मुलांसाठी. परक्याला मराठी शिकविण्याचा पद्धतशीर विचार मुख्यतः परदेशी अभ्यासकांच्या गरजेतून झाला. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांचे मराठीचे संदर्भव्याकरण १९७५ साली निघाले ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून. शेजारच्या राज्यातील शिक्षकाला मराठी शिकवायची वेळ येईल, हे आपल्या विद्यापीठीय मराठी विभागांच्या ध्यानीमनी नव्हते. एम.ए.ला आम्ही संतसाहित्य शिकलो, समीक्षा शिकलो, भाषाविज्ञानाची एक उत्तरपत्रिका लिहिली. ‘च’चे दोन उच्चार अमराठी मुलाला कसे शिकवावेत, हे कोणी कधी विचारले नाही. मीही माझ्या विद्यार्थ्यांना ते विचारलेले नाही, हे येथे कबूल करतो.

परतल्यावर वर्ग कुठे आहे?

मग ही योजना फळली का नाही? शिक्षक तयार झाले, याबद्दल शंका नाही. परंतु त्यांना परतायला वर्ग नव्हता. उत्तर प्रदेशासारख्या मोठ्या हिंदी राज्याने तिसऱ्या भाषेच्या जागी संस्कृत बसविली. संस्कृतविषयी कोणाला आकस असण्याचे कारण नाही. पण सूत्रात ‘आधुनिक भारतीय भाषा’ म्हटले होते, आणि संस्कृतने तो रकाना शेजाऱ्याची भाषा न शिकताच भरता आला. मद्रास राज्याने १९६८ साली द्विभाषा धोरण स्वीकारून तिसरी भाषाच नाकारली. सौद्याची एक बाजू अशी पडली, दुसरी तशी. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात आधीच इशारा दिला होता: हिंदी प्रदेशांत आणखी एक भाषा शिकण्याची प्रेरणा नाही, आणि पाच-सहा वर्षे दुसरी-तिसरी भाषा शिकविण्याचा खर्च आणि खटाटोप मोठा आहे.

म्हणजे स्थिती अशी झाली. एकीकडे हिंदीचे वर्ग भरपूर आणि त्यांसाठी भाषा नीट न शिकलेले सनदधारी शिक्षक. दुसरीकडे मराठी, तमिळ, बंगाली उत्तम शिकून आलेले शिक्षक आणि त्यांच्यासाठी वेळापत्रकात एकही तासिका नाही. तासिका नसलेल्या शिक्षकाची भाषा किती दिवस टिकते? वापर नसला की तीन-चार वर्षांत ती गंजू लागते, आणि शेवटी उरते ते एक प्रमाणपत्र. म्हणजे सहवासाच्या वाटेने निघालेला माणूसही अखेर दारावरच्या पाटीवरच येऊन पोचतो.

माझ्या मते या इतिहासातून निघणारा धडा साधा आहे. शिक्षकाच्या पात्रतेला भाषा जोडायची तर दोन गोष्टी एकत्र लागतात. शिकण्यासाठी पगारी वेळ, आणि शिकल्यावर शिकविण्यासाठी खरा वर्ग. आपण हिंदीला वर्ग दिला, वेळ दिला नाही. इतर भाषांच्या शिक्षकांना वेळ दिला, वर्ग दिला नाही. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी क्वचितच मिळाले.

आता पाळी मराठीची

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २०२० साली महाराष्ट्र विधिमंडळाने सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा केला. कोणत्याही मंडळाची, कोणत्याही माध्यमाची शाळा असो, २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीच्या वर्गांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने मराठी आलीच पाहिजे, अन्यथा एक लाख रुपयांपर्यंत दंड. कायदा योग्य आहे, असे मी मानतो. पण वर्ग निर्माण झाला की शिक्षकाचा प्रश्न उभा राहतो, आणि तेथे १९५० चाच खेळ उलट्या पटावर सुरू झालेला दिसतो.

माझी एक विद्यार्थिनी एम.ए. मराठी, बी.एड. झालेली. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. तिला सांगण्यात आले की जागा तूर्त भरायची नाही. हिंदीच्या बाई मराठीही घेतील, लिपी तर एकच आहे. ती सांगत होती तेव्हा मला दारावरची ती पाटी आठवली. तेव्हा मराठी मास्तराला हिंदी ‘येतच असणार’ असे धरले गेले. आता हिंदीच्या बाईंना मराठी ‘येतच असणार’ असे धरले जाते. त्या बाईंचा यात दोष नाही. त्यांना कोणी दहा महिने दिलेले नाहीत. दहा दिवसही दिले असतील की नाही कोण जाणे. उद्या त्या रात्री जागून मराठीची मार्गदर्शिका वाचतील, धडा मोठ्याने वाचतील, अर्थ हिंदीत किंवा इंग्रजीत सांगतील, आणि उत्तरे फळ्यावर लिहून देतील.

२०२५ साली पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, तेव्हाही हेच दिसले. एप्रिलमधील निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमांत हिंदी सक्तीची झाली. जूनमधील सुधारित निर्णयात म्हटले होते की इयत्तेत किमान वीस विद्यार्थ्यांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तर तिच्यासाठी शिक्षक द्यावा, नाहीतर ती ऑनलाइन शिकवावी. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. सक्ती असावी की नसावी, यावर अटीतटीने बोलले गेले, आणि ते बोलायलाच हवे होते. पण त्या गदारोळात ‘शिक्षक द्यावा, नाहीतर ऑनलाइन’ या शब्दांकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. सत्तर वर्षांच्या अनुभवानंतरही भाषेचा शिक्षक कोठून येतो, याचे उत्तर आपल्याकडे एवढेच आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक सूचना आहे, की राज्यांनी आपसांत करार करून एकमेकांकडून भाषाशिक्षक मोठ्या संख्येने घ्यावेत. सूचना चांगली आहे. तिच्यात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. महाराष्ट्रातील अमराठी शाळांतून जे शिक्षक मराठी शिकविणार आहेत, त्यांच्यासाठी पुण्याच्या केंद्रासारखा एक पूर्ण वर्षाचा, पगारी अभ्यासक्रम का असू नये? त्यांना एखाद्या तालुक्याच्या गावी, मराठी शाळेच्या सोबतीने राहू द्यावे. वर्गात शिकू द्यावे, बाजारात चुकू द्यावे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ‘दुसरी भाषा मराठी’ हा विषय एम.ए.च्या अभ्यासक्रमात आणावा. आम्हा प्राध्यापकांना त्यासाठी आधी स्वतः शिकावे लागेल. आमच्या पदवीला ही ओळ जोडलेली नाही.

गुरुजी आज हयात नाहीत. शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारले होते, की तुम्हाला तेव्हा एक वर्ष मिळाले असते, काशीला किंवा अलाहाबादला जाऊन राहायला, तर? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तर तुम्हाला हिंदी आली असती.”